कांदा, तेल आणि अमेरिकेचा कर : टाळ्यांसाठी घेतलेल्या निर्णयांचं बिल मोरिवलीच्या घरात कसं येतं?

मोरिवली (ता. अंबरनाथ) : सकाळी पाळी सुटली की मोरिवली एमआयडीसीच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या भरतात. मोबाईलवर बातम्या चालू असतात. कधी अमेरिकेनं कर लावला, कधी कांद्याची निर्यात बंद झाली, तर कधी तेल महागलं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे दिल्लीचं आणि वॉशिंग्टनचं राजकारण, आपला काय संबंध? पण महिनाअखेरीला ओव्हरटाइम बंद होतो, किराण्याची उधारी वाढते, गावाकडून भावाचा फोन येतो की कांद्याला भाव नाही. तेव्हा संबंध लक्षात येतो.

निवडणूक डोळ्यापुढं ठेवून घेतलेले व्यापाराचे निर्णय आपल्या रोजीरोटीपर्यंत कसे पोहोचतात, ते या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊ.

एक घर डोळ्यापुढं आणा

समजा, मोरिवलीतलं एक घर आहे. आजोबांची भातशेती एमआयडीसीत गेली. मुलगा केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला आहे. सुनेचं माहेर नाशिक जिल्ह्यात चांदवडकडं, तिचा भाऊ कांदा पिकवतो. सासूबाईंना लाडक्या बहिणीचे पैसे येतात.

या एकाच घरात कांदा विकत घेणारे आहेत आणि कांदा पिकवणाऱ्याची बहीणही आहे. परदेशात माल पाठवणाऱ्या कारखान्याचा कामगार आहे आणि सरकारी मदत घेणारी बाईही आहे. म्हणून सरकारच्या प्रत्येक निर्णयानं या घरात कुणाला तरी फायदा होतो आणि कुणाला तरी चिमटा बसतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत.

लोकानुनय म्हणजे नेमकं काय?

लोकांना काय आवडेल ते आधी बघायचं आणि मग निर्णय घ्यायचा, याला लोकानुनय म्हणतात. ही गोष्ट मुळात वाईट नाही. लोकशाहीत लोकांचं ऐकायलाच पाहिजे. कांदा ८० रुपये किलो झाला आणि सरकार गप्प बसलं, तर तेही चूकच.

गडबड तीन ठिकाणी होते. पहिलं, फायदा लगेच दिसतो आणि खर्च उशिरा दिसतो, मग खर्चाबद्दल कुणी बोलतच नाही. दुसरं, दोष बाहेरच्यावर टाकला जातो, म्हणजे परदेशी कंपनी, शेजारचा देश नाहीतर व्यापारी. तिसरं, निर्णय रातोरात होतो. ज्याचा माल वाटेत आहे, त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

कांद्याची गोष्ट : नऊ महिन्यांत चार हुकूम

महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण कांद्याचं आहे. तारखा नीट बघा.

- १९ ऑगस्ट २०२३ : केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले.
- ऑक्टोबर २०२३ अखेर : किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर प्रति टन केलं. म्हणजे साधारण ६६-६७ रुपये किलोच्या खाली कांदा देशाबाहेर विकायचा नाही.
- ८ डिसेंबर २०२३ : निर्यात पूर्ण बंद. आधी मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, नंतर ती बेमुदत वाढवली.
- ४ मे २०२४ : लोकसभेचं मतदान चालू असताना बंदी उठवली. पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवलं.

सरकारचं म्हणणं होतं की देशात कांदा पुरला पाहिजे आणि भाव आटोक्यात राहिले पाहिजेत. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलं तर ते खोटं नाही. कांद्यानं याआधी सरकारं हलवली आहेत. १९९८ साली दिल्लीत भाजपची सत्ता गेली, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता, हे सगळे पक्ष लक्षात ठेवून आहेत. २०१९ मध्येही महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या तीन आठवडे आधी, २९ सप्टेंबरला, निर्यातबंदी झाली होती.

पण चांदवडच्या भावाचं काय झालं? डिसेंबरमध्ये बाजारात लाल कांदा येतो. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. नेमक्या त्याच वेळी बाहेरचा दरवाजा बंद झाला. लासलगावपासून सगळीकडं भाव खाली आले. "दादा, थोडं थांबून विक," असं बहीण फोनवर म्हणाली, तरी थांबायची सोय नव्हती.

शुल्क कुणाच्या खिशातून जातं?

कागदावर निर्यात शुल्क व्यापारी भरतो. पण दुबईच्या गिऱ्हाइकाला पाकिस्तानचा कांदाही मिळतो, तो आपल्याला जास्त भाव कशाला देईल? २० रुपयांच्या कांद्यावर ४० टक्के म्हणजे ८ रुपये शुल्क. हे ८ रुपये व्यापारी स्वतःच्या खिशातून घालत नाही. तो बाजार समितीत तेवढा भाव कमी बोलतो. शेवटी शुल्क शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापलं जातं.

मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हाही गणित तसंच होतं. ५५० डॉलर आणि त्यावर ४० टक्के, म्हणजे ७७० डॉलर टन. किलोला साधारण ६४ रुपये, आणि त्यावर जहाजाचं भाडं वेगळं. दरवाजा उघडला, पण उंबरठा छातीएवढा ठेवला.

त्यात एप्रिल २०२४ च्या शेवटी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि नाशिकमध्ये संताप उसळला. लगेच सरकारला सांगावं लागलं की बांगलादेश, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती अशा सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांद्याची परवानगी दिलेली आहे.

मतपेटीतही हिशेब झाला

लोकसभेच्या निकालात दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. नाशिकची जागाही महायुतीनं गमावली. राज्यात ४८ पैकी १७ जागांवर महायुती थांबली. पराभवाची कारणं बरीच होती, पण कांद्याचा फटका बसल्याचं महायुतीच्या नेत्यांनीही नंतर बोलून दाखवलं.

मग चक्र उलटं फिरलं. १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं.

म्हणजे शेतकरी जिंकला का? भाव मिळायच्या वेळी दरवाजा बंद होता, तो तोटा भरून आला नाही. आणि परदेशी गिऱ्हाइकानं धडा घेतला की भारताचा भरवसा धरता येत नाही. ज्याला दर आठवड्याला कांदा लागतो, तो दुसरा दुकानदार शोधून ठेवतो. गेलेलं गिऱ्हाईक परत आणणं किती अवघड असतं, हे नाक्यावरच्या भाजीवाल्यालाही माहीत आहे.

तेलाची पिशवी आणि सोयाबीनचं पोतं

त्याच १३ सप्टेंबर २०२४ ला आणखी एक निर्णय झाला. आयात होणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाला, रिफाइंड तेलावरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्के.

आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. बाहेरचं तेल महाग झालं तर देशातल्या सोयाबीनला भाव मिळेल, असा विचार होता. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवाल्यांची नाराजी होती आणि २० नोव्हेंबरला मतदान होतं. पण बरंचसं सोयाबीन त्या हंगामातही ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. इकडं मोरिवलीच्या किराणा दुकानात ऐन सणात तेलाची पिशवी महागली.

पुढं ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. या वेळी विचार महागाईचा होता. आठ-नऊ महिन्यांत एकदा शेतकऱ्याकडं झुकायचं, एकदा गिऱ्हाइकाकडं. यात नुसत्या कराच्या भरवशावर कुणी जास्त सोयाबीन पेरायचं की नाही, हे ठरवणार कसं?

अमेरिकेनंही तेच केलं

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या मतदारांना सांगितलं की बाहेरच्या देशांनी आपले कारखाने पळवले, आता त्यांच्याकडून कर वसूल करू. २ एप्रिल २०२५ ला त्यांनी जवळजवळ सगळ्या देशांवर आयात कर जाहीर केला. भारताच्या मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के कर लागला. आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. तेव्हा एकूण ५० टक्के झाला. औषधांसारखा काही माल यातून वगळला होता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. हा कर भारत सरकार भरत नाही, तो अमेरिकेत माल मागवणारा व्यापारी तिथल्या बंदरावर भरतो. ५० टक्के कर असताना १०० रुपयांचा माल त्याला १५० ला पडायचा. मग तो फोन करतो, "भाव पाडा, नाहीतर मी दुसऱ्या देशातून घेतो." कर लावणारे म्हणतात परदेशी लोक पैसे देतील. पण खरं तर थोडे पैसे अमेरिकेतलं गिऱ्हाईक देतं, आणि उरलेले इथल्या कारखान्याच्या नफ्यातून नाहीतर कामगाराच्या पाळीतून जातात.

हा फटका वरून खाली एका क्रमानं येतो :

- आधी नवी ऑर्डर थांबते किंवा लहान होते.
- मग ओव्हरटाइम बंद होतो.
- मग ठेकेदाराला माणसं कमी करायला सांगतात. कायम कामगार सगळ्यात शेवटी जातो, ठेक्यावरचा सगळ्यात आधी.
- मग टपरी, खाणावळ, रिक्षा आणि खोल्यांची भाडी यांना झळ बसते.

म्हणूनच कंपनी थेट अमेरिकेला माल पाठवत नसली तरी निर्धास्त राहता येत नाही. मोरिवलीतली लहान कंपनी कच्चं रसायन बनवते, ते दुसरी मोठी कंपनी घेते आणि शेवटचा माल बाहेर जातो. साखळीत तिसऱ्या नंबरवर असलेल्यालाही झटका लागतो, फक्त जरा उशिरा.

दिल्लीनं कुणाची बाजू धरली?

अमेरिकेला भारताचा शेतीमालाचा आणि दुधाचा बाजार हवा होता. ७ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जाहीर केलं की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, मग किंमत मोजावी लागली तरी चालेल. याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या आरसेप या मोठ्या व्यापार करारातून भारत बाहेर पडला, तेव्हाही दूध उत्पादकांची भीती हे एक मोठं कारण होतं.

ही भीती खरी आहे. आपल्याकडं दूध म्हणजे दोन म्हशींचा धंदा, त्यावर घर चालतं. परदेशी दूध पावडरीपुढं तो टिकणार नाही. पण अशा ठाम भूमिकेची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो, आणि तो असतो निर्यातीच्या कारखान्यातला कामगार. दोघेही आपलेच. प्रश्न एवढाच, की ज्याला किंमत मोजायला लावली त्याची भरपाई ठरवली का?

कधी तर किंमत तिसऱ्यावरच ढकलली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये कापड उद्योगाला दिलासा म्हणून सरकारनं परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकं याच काळात विदर्भाच्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात येतो. कर अमेरिकेनं लावला, पण त्याची धास्ती यवतमाळच्या शेतकऱ्यानं घेतली.

चीनवर बहिष्कार आणि ड्रममधला माल

जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले जवान शहीद झाले. देशभर संताप होता आणि तो रास्त होता. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारनं तीन चिनी कंपन्यांशी सुमारे ५,००० कोटींचे करार केले होते, ते थांबवले. त्यात पुण्याजवळ तळेगावला ग्रेट वॉल मोटर्सचा ३,७७० कोटींचा गाड्यांचा कारखाना होता. २०२२ मध्ये त्या कंपनीनं भारतातला बेत सोडला. पुढं तळेगावचा तो कारखाना ह्युंदाईनं घेतला.

देशाच्या सुरक्षेसाठी कारखाना नाकारावा लागला तर नाकारावा. पण बहिष्काराच्या घोषणांनी चीनवरचं अवलंबून राहणं कमी झालं का? २०१९-२० मध्ये चीनमधून सुमारे ६५ अब्ज डॉलरची आयात होती, २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्ज डॉलरच्या वर गेली. आपल्या पट्ट्यातल्या रसायन आणि औषध कंपन्यांनाच विचारा, कच्च्या मालाचे किती ड्रम चीनहून येतात. घोषणा एका दिवसात देता येते. कच्चा माल देशात बनवायला मात्र वर्षं लागतात, वीज लागते, पाणी लागतं आणि सांडपाण्याची नीट सोय लागते. खरी आर्थिक सुरक्षा या कामात असते, आणि त्याला टाळ्या कमी पडतात.

विम्को नाका काय सांगतो?

मग बाहेरच्या मालावर कर लावणं वाईटच का? तसं नाही. पुरावा अंबरनाथमध्येच आहे. विम्कोचा कारखाना कधीच बंद झाला, पण विम्को नाका हे नाव राहिलं.

१९२२ साली इंग्रज सरकारनं बाहेरून येणाऱ्या काड्यापेट्यांवरचा कर वाढवून एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, १ रुपया ८ आणे केला. सरकारला महसूल हवा होता. स्वीडनच्या काडीपेटी कंपनीनं हिशेब केला की बाहेरून माल आणून हा कर भरण्यापेक्षा हिंदुस्थानातच कारखाना टाकलेला बरा. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विम्को, स्थापन झाली आणि अंबरनाथला कारखाना आला. तेव्हाही राजकारण तापलं होतं. देशी कारखानदार म्हणत होते, हा परदेशी पाहुणा घरात शिरला, याला आवरा. टॅरिफ बोर्डानं चौकशी केली आणि १९२८ मध्ये काडीपेटी उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला.

करामुळं कारखाना आला आणि पिढ्यानपिढ्यांना काम मिळालं. मग त्या करात आणि कांद्याच्या शुल्कात फरक काय? तो कर वर्षानुवर्षं टिकला. दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या करावर कुणी कारखाना बांधत नाही आणि कांद्याची चाळही बांधत नाही. कर जास्त की कमी, यापेक्षा तो टिकेल की नाही हे धंद्याला आधी कळावं लागतं.

खात्यात येणारे पैसे

लाडकी बहीण योजनेचं काय? २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला सुमारे ४६,००० कोटींचा अंदाज. नोव्हेंबरमध्ये महायुतीनं २३० जागा जिंकल्या. २०२५-२६ साठी तरतूद ३६,००० कोटी झाली.

ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचा पैसा नव्हता, तिला हे १,५०० रुपये मोठा आधार आहेत. त्याची टिंगल करणाऱ्यांनी तिच्या जागी उभं राहून बघावं. पण एक साधा हिशेबही करावा. समजा, ऑर्डर नाही म्हणून मुलाच्या महिन्याला सहा पाळ्या कमी झाल्या आणि पाळीचे ५०० रुपये धरले, तर घरातून ३,००० गेले. म्हणजे आईचे दोन हप्ते. हप्ता आला याचा मेसेज मोबाईलवर येतो, पाळी गेली याचा मेसेज कुणी पाठवत नाही.

मग आपण काय करायचं?

घरापुरतं आधी :

- ठेक्यावर असाल तर पीएफचं पासबुक मोबाईलवर बघा, पैसे खरंच भरले जातात का. पगारपत्रक मागून ठेवा.
- ईएसआयसी कार्ड असेल तर नोकरी गेल्यावर काही काळ मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिची मुदत सरकार वेळोवेळी वाढवतं, त्यामुळं जवळच्या शाखेत चौकशी करा.
- ओव्हरटाइम धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका. मंदीत सगळ्यात आधी तोच जातो.

आणि मत मागायला कुणीही आलं, कुठल्याही पक्षाचं, तर चार प्रश्न विचारा :

१. तुम्ही जे देणार म्हणता, त्याचा खर्च कोण भरणार?
२. निर्यात किंवा आयातीचा नियम बदलायचा असेल, तर शेतकऱ्याला आणि कारखान्याला किती दिवस आधी सांगणार?
३. देशासाठी एखाद्याला तोटा सोसायला लावला, तर त्याची भरपाई कोणत्या तारखेला मिळणार?
४. हा निर्णय मतदानानंतर सहा महिन्यांनीही राहणार का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. चांदवडचा भाऊ कांद्याचं रोप टाकतो, ते पीक हातात यायला चार-पाच महिने जातात. मोरिवलीची कंपनी परदेशी गिऱ्हाइकाशी वर्षाचा भाव ठरवते. दोघांनाही उद्याचं नाही, पुढच्या हंगामाचं बघावं लागतं. त्यांच्या जिवावर चालणाऱ्या सरकारनंही तेवढं तरी पुढचं बघावं, ही अपेक्षा काही जास्त नाही.